उंबऱ्याआडचा पेपर

गोऱ्यांच्या राज्यात, सॅलिसबरी शहराबाहेर काळ्या लोकांसाठी वसवलेल्या हायफील्ड वस्तीत माई सेकेसाईशी ज्याचं कधी वाजलं नाही असा माणूस शोधायला निघालात, तर तो एक तर कालच्या बसने गावाकडून आलेला निघायचा, नाही तर जन्माचा मुका. दूधवाला तिच्या दाराशी सायकलची घंटा वाजवत नसे. बाटली हळूच ठेवून पळत सुटायचा. पाद्रीबुवा रविवारी प्रवचन लांबवायला लागले की आधी तिच्याकडे बघायचे. ती जांभई देऊन मोकळी होणार, आणि तीही आवाजासकट, हे त्यांना ठाऊक होतं.

यात तिचा दोष निम्मा. उरलेला निम्मा तिच्या देवकाचा. मोठ्या सांबरासारखं जे एलँड हरीण, ते त्या कुळाचं देवक, आणि त्या कुळातल्या बायकांना सगळा मुलूख ‘चिहेरा’ म्हणतो. चिहेरा सून घरात आली की कुत्रा पाळायची गरज उरत नाही, असं म्हातारे म्हणायचे. माई हे ऐकून खूश व्हायची. म्हणायची, “बरोबर आहे. कुत्रं भाकरी मागतं. मी फुकट भुंकते आणि वर चावतेही.”

लहानपणी चिहोटाच्या मिशन शाळेत तिला घातलं ते वाचायला, पण तिथल्या मडमेनं मुलींच्या हाती आधी सुईदोरा दिला. शिवण आलं की अक्षरं, असा नियम. आणि शिवायचं काय, तर आसपासच्या गोऱ्या शेतमालकांच्या उशांचे अभ्रे. माईनं मन लावून शिवले. इतकं मन लावून, की चारी बाजू शिवून टाकल्या. उशी घालायला तोंडच ठेवलं नाही. पन्नासेक अभ्रे तसे गेले, आणि एका मालकिणीनं परत पाठवल्यावर मडम तांबडीलाल झाली. मुलीला शाळेतून काढलं. पण तोवर ती खिडकीशी बसून शेजारच्या वर्गातल्या मुलांची अक्षरं उचलत होती, ती तिनं बरोबर नेली. ती काही कुणाला उसवून काढता आली नाहीत.

नवरा मिळाला टोबायस. सॅलिसबरी शहरात एका गोऱ्याच्या छापखान्यात झाडूवाला. गरीब माणूस. दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले तीन ‘हो’ असायचे. छापताना बिघडलेले कागद तो घरी आणायचा आणि भिंतीला चिकटवायचा, वारा अडवायला. माई भिंत वाचायची. एका भिंतीवर गोऱ्यांच्या घोड्यांच्या शर्यती, दुसरीवर पार्लमेंटातली भाषणं, आणि चुलीमागे, धुरात, कुणा मंत्र्याचा फोटो. त्यावर ती फोडणीचं तेल उडालं तरी पुसत नसे.

टोबायस खोकून खोकून गेला. मातीला आलेली माणसं परतली, आणि दुसऱ्याच सोमवारी वस्तीचा सुपरिंटेंडंट दारात. म्हणाला, घर नवऱ्याच्या नावावर होतं. नवरा गेला, घर सरकारजमा. बाईच्या नावावर घर होत नाही. गावाकडे निघून जा.

तेव्हा तिला वाचवलं कुणी? तर जावयानं. इथेच सगळी मेख आहे.

तिची एकुलती मुलगी सेकेसाई; आपल्याकडे आईला लेकराच्या नावानं हाक मारतात, म्हणून ही माई सेकेसाई. नावाचा अर्थ ‘हसा लेको’. पोरगी खरंच हसतमुख, आईवर अजिबात न गेलेली. तिनं लग्न केलं फनुएलशी, आणि फनुएल होता पोलिसात. गोऱ्यांच्या पोलिसात काळा शिपाई. पुढे सार्जंट झाला. पोलिसाचा शब्द सुपरिंटेंडंटनं मानला आणि घर फनुएलच्या नावावर चढलं. तो राहायचा पोलिस लायनीत, माई राहायची इथे, आणि कागदोपत्री ती जावयाच्या घरातली सासू. शेजारची माई न्याशा एकदा म्हणाली, “घरजावई ऐकलाय बाई, घरसासू पहिल्यांदाच बघतेय.” त्यानंतर दोघींचं पाच महिने बोलणं नव्हतं.

उपकार घेतलेल्या माणसाचा राग फार जपून वाढतो. माईचा तसाच वाढला. आणि जावयाशी भांडायचं तर रीत आडवी येते. आपल्या लोकांत जावई सासूसमोर आला की जमिनीवर बसतो, मान खाली घालतो, हलक्या टाळ्या वाजवून नमस्कार करतो. हातात हात देत नाही, तिच्या डोळ्यात बघत नाही, आणि सासूच्या निजायच्या खोलीचा उंबरा तर मेला तरी ओलांडत नाही. सासूनंही त्याला मानानं बोलायचं. तोंडावर शिवी नाही, नावानं हाक नाही. म्हणून माईनं एक कोंबडी ठेवली होती, पिवळ्या पायांची. फनुएल अंगणात येऊन बसला की ती म्हणायची, “या, जावईबापू, बरे आहात ना?” आणि लगेच कोंबडीकडे वळून, “आणि तू गं मेले? दाणे आमच्या अंगणातले टिपतेस आणि अंडी गोऱ्याच्या परड्यात घालतेस! कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ!”

लेकी बोले सुने लागे. फनुएल टाळ्या वाजवायचा आणि कानशिलं तापवून घेऊन परत जायचा.

आता पेपरचं. काळे लोक वाचायला लागल्यापासून गोऱ्या सरकारला एकच घोर: हे काय वाचतील? ‘न्हुमे’ निघाला तो असा की पहिल्या आठवड्यातच सरकारच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. न्हुमे म्हणजे सांगावा घेऊन जाणारा माणूस. रेल्वेलगतच्या एका गुजराती सेठच्या छापखान्यात तो छापत, आणि माई बसथांब्यावर विकायची. किंमत एक टिकी, म्हणजे तीन पेनीचं नाणं. ज्याच्याकडे टिकी नसेल त्याला ती उभ्या उभ्या मथळे वाचून दाखवायची, आणि वर सुनवायची, “फुकटात ऐकलंस, आता निदान राग तरी स्वतःचा येऊ दे.” सरकारनं सेठला बोलावून विचारलं, तुला दुकान हवंय की पेपर? सेठला बायकापोरं होती. ‘न्हुमे’ बंद. मग तीच माणसं ‘इशे’ नावानं काढायला लागली. त्यावरही बंदी. तिसऱ्या नावाला परवानाच मिळाला नाही. संपादक पकडले, दूर रानातल्या तारेच्या कुंपणात नेऊन ठेवले. पेपर बाळगणं गुन्हा, छापणं त्याहून मोठा गुन्हा.

उरला एक गिडियन मास्तर. सरकारी शाळेतून काढलेला, उंच, बारकुडा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्याच्याकडे एक टाइपरायटर आणि कुणा मिशनऱ्यानं देऊन टाकलेलं हातानं फिरवायचं सायक्लोस्टाइल यंत्र. ठेवायला जागा नव्हती. त्याच्या खोलीवर रोज धाड.

माई म्हणाली, “माझ्या खोलीत आण. पलंगाखाली.”

“माई, पहिली झडती तुझीच व्हायची. सार्जंटचीच सासू तू.”

“म्हणूनच आण म्हणते ना! या भागात झडतीला कोण येतो? माझा जावई. आणि माझ्या खोलीत कोण येऊ शकत नाही? माझा जावई. मास्तर झालास, आणि एवढं गणित सुटत नाही?”

गणित बरोबर होतं. यंत्र आलं, ‘न्हुमे’ पुन्हा निघाला, जुन्याच नावानं. दर गुरुवारी दुपारी चर्चच्या बायका तांबडे झगे आणि पांढऱ्या टोप्या घालून प्रार्थनेला जमतात. सभेला परवाना लागतो, प्रार्थनेला लागत नाही. माईच्या बाहेरच्या खोलीत बायका गाणी म्हणायच्या, ढोल आणि खुळखुळे वाजायचे, आणि आतल्या खोलीत मास्तर यंत्राचा दांडा फिरवायचा. यंत्राची खडखड गाण्यात मुरून जायची. स्टेन्सिल लावण्याआधी मास्तर सगळा अंक माईला मोठ्यानं वाचून दाखवी, कारण कुठला शब्द लोकांच्या घशात अडकेल हे तिच्या कानाला कळे. प्रार्थना सुटली की पेपर बायकांच्या टोप्यांत, पाठीवरच्या पोरांच्या झोळीत बसून वस्तीभर जायचा.

पहिली झडती आली ती भर दुपारी. इन्स्पेक्टर हॅलम नावाचा गोरा जीपमध्येच बसून राहिला. काळ्यांच्या घरात शिरलं की त्याला शिंका यायच्या म्हणे. त्यानं फनुएलला आणि तीन शिपायांना पाठवलं. त्यांनी बाहेरची खोली उलथी केली. पीठ चाळलं, कोंबडीचं खुराडं उचकटलं. मग आतल्या खोलीच्या दाराशी आले. माई दारात टोपली घेऊन शेंगा सोलत बसलेली.

फनुएल खाली बसला. टाळ्या वाजवल्या. “सासूबाई, सरकारी काम आहे.”

“करा की, जावईबापू. मी कुठे अडवलंय? मी आपली शेंगा सोलतेय.” पण ती दारातून हलली नाही, आणि तिच्यामागे तिचा पलंग दिसत होता, त्यावरची गोधडी दिसत होती. फनुएलनं मान वळवली. पहिल्या शिपायाला म्हणाला, “तू जा.”

शिपाई म्हणाला, “सार्जंट, माझंही देवक माकडच. तुमचं कूळ तेच माझं कूळ. तुमची सासू ती माझीही सासू.” आणि तो खाली बसून टाळ्या वाजवायला लागला.

दुसऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “माझी बायको चिहेरा आहे हो. सगळ्या चिहेरा म्हाताऱ्या मला सासूच.” तोही बसला.

तिसरा आधीच बसला होता. त्याला विचारलं, तुझं काय? तो म्हणाला, “माझं लग्न व्हायचंय. पण मुलगी बघतोय ती या गल्लीतलीच. उगाच कशाला!”

चार पोलिस ओळीनं जमिनीवर बसून टाळ्या वाजवतायत आणि माई शेंगा सोलतेय. बाहेरून हॅलम ओरडला, “काय करते तुम्ही आत? काय मिळाले?”

फनुएल उठला, टोपी घातली, बाहेर गेला. म्हणाला, “काही नाही, साहेब. सगळं बघितलं.”

दुसरं काय सांगणार होता? सासूचा उंबरा म्हणजे काय हे गोऱ्याला सांगायचं, तर त्या गोऱ्यानं खो खो हसून स्वतःच आत जायचं, आणि सार्जंटच्या नावावर शिक्का बसायचा की हा झडती न घेता आला. आणि न सांगावं तर हा सरकारचा नोकर असून बंदीच्या पेपरचा पहारेकरी झालेला. त्या दिवसापासून त्याच्या पोटात निखारा पेटला. अशा चार झडत्या झाल्या. चारही वेळा ‘काही नाही, साहेब’. आणि दर शुक्रवारी ‘न्हुमे’ वस्तीत हजर. हॅलम फनुएलला सगळ्यांसमोर बोलायला लागला. “तुझे डोळे काढून बटाटे लाव तिथे. काम तेच करतील.”

निखारा असा कुठेतरी बाहेर पडतोच. तो पडला झकारिया म्हाताऱ्यावर. झकारिया बसथांब्यावर भाजलेली कणसं विकायचा, आणि कणसाखाली ‘न्हुमे’. फनुएलनं त्याला पकडलं. पकडून नेला असता तर लोकांनी समजून घेतलं असतं. पोलिस आहे, पकडणारच. पण त्यानं म्हाताऱ्याला गुडघ्यांवर बसवलं आणि बससाठी उभ्या असलेल्या सगळ्या लोकांसमोर तो पेपर खायला लावला. अख्खं पान. तोंडात दात चार. म्हातारा चावत राहिला, गिळत राहिला, शाई ओठांवरून हनुवटीवर आली. फनुएल विचारत होता, “कशी आहे बातमी? मीठ बरोबर आहे ना?”

माईनं हे ऐकलं तेव्हा ती मक्याच्या पिठाचा साडझा घोटत होती. तिनं पळी भांड्यात तशीच सोडली आणि मास्तरकडे गेली. “लिही.”

मास्तरनं लिहिलं. सरळ बातमी: अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, सार्जंट फनुएल यांनी म्हाताऱ्या माणसाला पेपर खायला लावला. नाव, गाव, साक्षीदार. माईनं ऐकलं आणि मान हलवली.

“हे पुरेसं नाही. खाली अजून लिही. हाच शूर सार्जंट चार वेळा एका म्हातारीच्या खोलीपुढे ढुंगण टेकून टाळ्या वाजवत बसला, आणि आत न डोकावता साहेबाला सांगून आला की काही नाही. म्हाताऱ्याला पेपर भरवतो, पण म्हातारीच्या गोधडीला भितो.”

मास्तरचा चेहरा उतरला. “माई, पहिली बातमी खरी आहे, गरजेची आहे. ही दुसरी म्हणजे हात दाखवून अवलक्षण. हॅलमकडे भाषांतर करणारा माणूस आहे. त्याला कळेल कुठली खोली, कुठली म्हातारी. यंत्र गेलं तर पेपर गेला. दुसरं मिळणार नाही आपल्याला. आणि तुझं घर गेलं.”

“घर त्याचंच आहे. त्याच्या घरात बसून त्याच्यावर लिहिते, यासारखं सुख आहे का दुसरं?”

“हे सुख चार दिवसांचं.”

“अरे, म्हाताऱ्यानं शाई गिळली! आणि तू मला दिवस मोजायला सांगतोस? पेपर कशाला काढतोस मग, भ्यायला?”

आता खरं सांगायचं तर इथे मास्तर बरोबर होता आणि माई चूक. जावयानं सासूचा उंबरा ओलांडायचा नाही, तशीच सासूनंही जावयाची अब्रू चारचौघांत काढायची नाही. रीत दोन्ही बाजूंनी विणलेली असते. एका बाजूचा दोरा ओढला की दुसरी बाजू आपसूक उसवते. शिवणकामात शाळेतून काढलेल्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं. पण राग आला की चिहेराला रीतभात आठवत नाही, फक्त दुसऱ्याची रीतभात आठवते.

अंक निघाला. अशी मागणी कधी नव्हती. बियर हॉलमध्ये माणसं एकमेकांपुढे बसून टाळ्या वाजवत होती आणि ‘काही नाही, साहेब’ म्हणत लोळत होती. पोलिस लायनीतसुद्धा कुणी तरी फनुएलच्या दाराशी कोंबडीचं एक पीस टाकून गेलं. सेकेसाई दोन दिवसांनी आईकडे आली. हसली नाही. म्हणाली, “आई, तू माझा नवरा विकलास टिकीला.”

“तुझ्या नवऱ्यानं झकारियाला शाई चारली, ते बघ ना.”

“ते लिहायचंस. तेवढंच लिहायचंस.” पोरगी उंबऱ्याबाहेरूनच परत गेली. माईनं कोंबडीला विनाकारण लाथ मारली.

पुढचा गुरुवार. बायका गात होत्या, मास्तर आत दांडा फिरवत होता, निम्मा अंक छापून झाला होता, आणि जीप आली. या वेळी हॅलम जीपमधून उतरला. त्याच्या हातात मागच्या अंकाचं भाषांतर होतं. तो हसत होता, आणि ते हसू पाहून ढोलवालीचे हात थांबले. फनुएल त्याच्या पुढे होता. तो अंगणात आला. बसला नाही. टाळ्या वाजवल्या नाहीत. उभा राहिला, ताठ.

माई आतल्या खोलीच्या दारात. मागे मास्तर खिडकीतून उडी मारून पळाला. ती खिडकी एवढीच होती की यंत्र त्यातून जाणार नव्हतं.

फनुएलनं खाली कोंबडीकडे बघितलं. तिच्याशीच बोलला. “ए कोंबडे, तुझ्या मालकिणीला सांग. सासूचा उंबरा जावई ओलांडत नाही. पण ती सासू राहिली नाही, ती पेपरवाली झाली. आणि पेपरवालीचा उंबरा ओलांडायचा मला पगार मिळतो.”

आणि तो आत गेला. बुटांसकट. चटईवरून. बायकांच्या तोंडून एकच आवाज निघाला, अंगावर गरम पाणी पडल्यासारखा. त्यानं गोधडी ओढून फेकली, पलंग उभा केला, यंत्र दोन्ही हातांनी उचलून बाहेर आणलं. ओल्या शाईनं त्याचा खाकी शर्ट पोटावर काळा झाला. छापलेले कागद शिपायांनी गोळा करून पोत्यात भरले. एकही सुटला नाही. बायकांच्या टोप्या काढून बघितल्या, पोरांच्या झोळ्या सोडून बघितल्या.

माई सगळं झालं तोवर गप्प होती. इतकी गप्प, की शेजारची माई न्याशा घाबरून जवळ आली. शिपायानं माईला बेड्या घातल्या. मग तिनं फनुएलकडे बघितलं, सरळ डोळ्यात, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला नावानं हाक मारली.

“फनुएल!”

तो दचकला. नाव ऐकून सगळेच दचकले.

“बरं झालं, तूच नातं तोडलंस. इतकी वर्षं कोंबडीला बोलून बोलून माझा घसा बसला होता. आता तुला तोंडावर बोलते. ऐक, मुडद्या!” आणि ती सुरू झाली. अंगणातून फाटकापर्यंत, फाटकातून गल्लीच्या तोंडाशी जीप उभी होती तिथपर्यंत. लोक घराघरांतून बाहेर आले, झाडावर चढले, छपरांवर चढले.

“तू चाकर कुणाचा रे? ज्यांनी म्होन्डोरोच्या सीमेवरच्या तीन गावांना परवा नोटीस दिली, कापणीआधी उठा म्हणून, तंबाखूवाल्या गोऱ्याला जमीन हवी म्हणून, त्यांचा! ज्यांनी रानातल्या तुरुंगात आपल्या माणसांना किडकं पीठ दिलं, आणि त्यांनी सहा दिवस अन्न सोडलं तरी ही गोष्ट बाहेर येऊ दिली नाही, त्यांचा! ज्यांनी बसचं भाडं सोमवारपासून वाढवलंय, आणि लोक म्हणतात आम्ही पायी जाऊ, कुणी चढणार नाही, ऐकलंत का रे, कुणी चढू नका, त्या बसवाल्यांचा! तू त्यांचा कुत्रा!”

बायकांना आधी वाटलं म्हातारी शिव्या देतेय. मग एकेकीला उमगलं. ही शिव्या देत नव्हती, ही अंक वाचत होती. मास्तरनं सकाळी वाचून दाखवलेला, पोत्यात बंद झालेला अंक, पहिल्या पानापासून शेवटापर्यंत, एकेका बातमीला एकेक शिवी लावून. हॅलमला चार मोडके शब्द सोडले तर भाषा येत नव्हती. त्याला वाटलं सासू जावयाला शिव्या घालतेय, आणि तो हसत होता. तो फनुएलला म्हणाला, “थांब, थांब, बोलू दे तिला. मला मजा येते.” म्हणून जीप सुटायला उशीर झाला, आणि चौथं पानसुद्धा झालं, वर मागच्या अंकातली झकारियाची बातमीही. सोमवारी बसगाड्या रिकाम्या पळाल्या.

यावरून खटला दुप्पट झाला. एक, बंदीचं यंत्र बाळगणं. दुसरा, चारचौघांत राजद्रोही बोलणं. दुसऱ्या गुन्ह्याला साक्षीदार हवा, आणि साक्षीदारानं सांगायला हवं की बाई नेमकं काय बोलली. हॅलमला काय कळणार? तिन्ही शिपाई म्हणाले, आम्ही यंत्र उचलत होतो, जड होतं, कानात घाम गेला, ऐकू आलं नाही. उरला फनुएल.

कोर्टात काळ्या लोकांना बसायला मागची बाकं. ती सकाळपासून भरलेली. तांबडे झगे, पांढऱ्या टोप्या, आणि पुढच्या बाकावर झकारिया म्हातारा, स्वच्छ दाढी करून. सेकेसाई आली, ती नवऱ्याच्या बाजूला बसायची म्हणून सगळ्यांनी जागा सोडली होती. ती झकारियाशेजारी जाऊन बसली. आईकडेही बघितलं नाही.

गोरा मॅजिस्ट्रेट म्हणाला, साक्षीदारानं आरोपीचे शब्द सांगावेत. फनुएल पिंजऱ्यात उभा राहिला, भिंतीकडे बघत. म्हणाला, “ती म्हणाली की सरकारनं तीन गावांना उठायची नोटीस दिली.”

“कुठल्या गावांना?” मॅजिस्ट्रेट म्हणाला. “शब्द पूर्ण सांगा. मला लिहायचंय.”

आणि फनुएलनं शब्द पूर्ण सांगितले. दुभाष्या एक वाक्य इंग्रजीत करायचा, तोवर मागची बाकं आधीचं वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवायची. तारेच्या कुंपणातल्यांचं किडकं पीठ झालं. बसभाडं झालं. स्वतःला घातलेल्या शिव्यासुद्धा त्याला सांगाव्या लागल्या. मॅजिस्ट्रेटनं ‘मुडद्या’ला इंग्रजी काय म्हणून दुभाष्याला दोनदा विचारलं. पोलिसाच्या वर्दीत, सरकारी खर्चानं, भर कोर्टात अख्खा ‘न्हुमे’ वाचून झाला. माई कठड्याला हात टेकून ऐकत होती. मधेच म्हणाली, “जरा मोठ्यानं. मागे ऐकू जात नाहीय.” मॅजिस्ट्रेटनं तिला दटावलं, पण साक्षीदारालाही आवाज चढवायला सांगितलं.

शेवटी विचारलं, आरोपीला साक्षीदाराला काही विचारायचंय?

“एकच. यानं एक बातमी गाळली. तेवढी सांगायला लावा.”

“कुठली?”

“त्यालाच ठाऊक आहे.”

मॅजिस्ट्रेट म्हणाला, साक्षीदारानं शपथ घेतली आहे, आरोपी अजून काही बोलली असेल तर सांगणं बंधनकारक आहे. फनुएलनं कॉलरमध्ये बोट घातलं. पुढच्या बाकावर त्याची बायको झकारियाच्या शेजारी बसलेली. म्हातारा काही वैऱ्यासारखा बघत नव्हता. उत्सुकतेनं बघत होता.

“ती म्हणाली,” फनुएल हळू म्हणाला, आणि मग मॅजिस्ट्रेटनं खूण केल्यावर मोठ्यानं, “ती म्हणाली, सार्जंट फनुएलनं बसथांब्यावर झकारिया नावाच्या म्हाताऱ्याला गुडघ्यांवर बसवलं आणि पेपर खायला लावला.”

“आणि हे खोटं होतं?” मॅजिस्ट्रेटनं कागदावरून मान वर न करता विचारलं.

यावर मागची बाकं हसली नाहीत.

“नाही,” फनुएल म्हणाला.

मॅजिस्ट्रेटनं ते लिहून घेतलं. मग यंत्राचं एक वर्ष आणि बोलण्याचं एक वर्ष, असं दोन वर्षांचं फर्मान वाचलं. घर सरकारनं फनुएलच्या नावावरून काढलं, आणि ते त्याच आठवड्यात एका ड्रायव्हरला मिळालं. माईच्या भिंतीवरचे कागद त्यानं खरवडून काढले. माईला पायऱ्यांवरून खाली नेलं तेव्हा ती जावयाकडे ढुंकूनही बघत नव्हती; वाटेत शिपायाशी भांडत होती, की चप्पल एकच दिलीस, दुसरी कुठेय. बायका उठल्या, सेकेसाई उठली, झकारियाला हाताला धरून त्या बाहेर गेल्या. मॅजिस्ट्रेट जेवायला गेला. फनुएल पिंजऱ्यात उभाच होता. साक्षीदाराला ‘उतर’ म्हणायचं असतं, तेवढं सांगायला कुणी मागे उरलंच नव्हतं.